पासवर्ड बरोबर, तरी आउटलुक घेत नाही? टू-स्टेप आणि ॲप पासवर्ड नीट कसे लावायचे

“मॅडम, पासवर्ड अगदी बरोबर आहे. क्रोममध्ये जीमेल उघडतंय, पण आउटलुक घेतच नाही.” दादर, परळ, गिरगाव, फोर्ट या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे, दवाखान्यांचे आणि सोसायट्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी पायरी, चालू केलं की मला येणारा फोन बहुतेक याच शब्दांत असतो, आणि लगेच पुढचं वाक्य येतं: “ते टू-स्टेप बंदच करून टाका ना.” मी ते बंद करत नाही. तुम्हीही करू नका. ते बंद केल्यानं आता अडचण सुटतही नाही.

याचं कारण असं. पूर्वी मेलच्या ॲपला नाव आणि नेहमीचा पासवर्ड दिला की काम व्हायचं. गूगलनं साध्या जीमेल खात्यांसाठी हा मार्ग 30 मे 2022 पासून बंद करायला घेतला. याहूनं त्याआधीच, 2020 मध्ये, तेच केलं. आयक्लाउडच्या मेलला तर 2017 पासूनच बाहेरच्या ॲपसाठी वेगळा पासवर्ड लागतो. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं 16 सप्टेंबर 2024 ला या मार्गावर पडदा टाकला. म्हणजे टू-स्टेप काढून टाकलंत, तरी आउटलुक तुमचा जुना पासवर्ड घेणार नाहीच. वर खातं उघडं पडेल ते वेगळंच.

ब्राउझरमध्ये समोर माणूस बसलेला असतो, त्याला ओटीपी विचारता येतो. मेलचं ॲप मात्र दर काही मिनिटांनी आपणहून सर्व्हरकडे जातं. रात्री दोन वाजता ते ओटीपी कोणाला विचारणार? म्हणून अशा ॲपसाठी दोन मार्ग ठेवले आहेत. पहिला ओऑथ: ॲप गूगलचीच खिडकी उघडतं, पासवर्ड आणि ओटीपी तुम्ही तिथे देता आणि गूगल त्या ॲपला एक परवाना देतं. तुमचा पासवर्ड ॲपला दिसतही नाही. दुसरा ॲप पासवर्ड: फक्त त्या एका ॲपसाठी गूगलनं बनवून दिलेली सोळा अक्षरं. ती दिली की दुसरी पायरी विचारली जात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ओऑथ चालत असेल तिथे ॲप पासवर्ड बनवूच नये. ज्याच्या हातात ती सोळा अक्षरं पडतील, त्याला ओटीपीशिवाय तुमचे मेल वाचता येतील. नाइलाज असेल तरच तो बनवायचा, आणि कुठे वापरलाय हे लिहून ठेवायचं.

ओऑथ: आधी हेच करून बघा

आयफोनवर मेलमध्ये खातं जोडताना यादीतलं ‘गूगल’ निवडा, सगळ्यात खालचं ‘अदर’ नाही. ‘अदर’ निवडलंत की फोन नुसता पासवर्ड मागतो आणि मग तो चालत नाही म्हणून माणूस वैतागतो. ‘गूगल’वर बोट ठेवलं की गूगलचं पान उघडतं, ओटीपी मागतं, संपलं.

थंडरबर्ड या मेलच्या फुकट प्रोग्रॅमला जीमेलचं ओऑथ 2015 पासून, म्हणजे 38 व्या आवृत्तीपासून येतं. नवीन खातं जोडलंत तर ते आपणहून तोच मार्ग धरतं. घोळ होतो तो जुन्या खात्यात, कारण तिथे जुनं सेटिंग तसंच राहिलेलं असतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, सर्व्हर सेटिंग्ज उघडा, ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल तिथे ‘ओऑथ2’ करा. मग त्याच यादीत अगदी तळाला ‘आउटगोइंग सर्व्हर’ असतो, तिथेही हेच करा. ही दुसरी जागा लोक हमखास विसरतात. मग मेल येतात पण जात नाहीत, आणि दोष इंटरनेटवर टाकला जातो. शेवटी ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून त्या खात्याचे जुने पासवर्ड काढा आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा. गूगलची खिडकी समोर येईल. ती कोरीच राहिली किंवा पुन्हा पुन्हा उघडत राहिली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते पाहा. त्या चालू असल्याशिवाय हा मार्ग चालत नाही.

हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमला तर आता ओऑथशिवाय गत्यंतर नाही. त्यांच्यासाठी ॲप पासवर्ड बनवलात तरी मेलला त्याचा उपयोग नाही, त्यात वेळ घालवू नका. एवढं मात्र बघा, की वेबवर आउटलुक डॉट कॉमच्या सेटिंगमध्ये पॉप आणि आयमॅप (ॲपनं सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन पद्धती) चालू केलेलं आहे. मुळात ते बंद असतं.

ॲप पासवर्ड: जुन्या आउटलुकवाल्यांसाठी

आउटलुक 2010 आणि 2013 ला जीमेलचं ओऑथ येत नाही. आमच्याकडच्या कितीतरी सीए ऑफिसांत आणि छापखान्यांत अजून तीच चालू आहेत, कारण एकदा पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर कोणी सहज सोडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं ती बदलावीत, हे मी प्रत्येकाला सांगते. पण बदलेपर्यंत काम थांबवता येत नाही.

पहिली अट: टू-स्टेप आधी चालू पाहिजे. ते नसेल तर ॲप पासवर्डचं पानच उघडत नाही. टू-स्टेप चालू केल्यावर ब्राउझरमध्ये गूगल खात्याच्या पानावर जा आणि वरच्या शोधपट्टीत ‘ॲप पासवर्ड्स’ टाइप करा. मेनूत शोधत बसू नका, तिथे ते पटकन सापडत नाही. थेट पत्ता हवा असेल तर इंग्रजी लहान अक्षरांत मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम, तिरकी रेघ, ॲपपासवर्ड्स. नाव विचारलं की नुसतं ‘आउटलुक’ लिहू नका. ‘पुढच्या टेबलावरचा पीसी, आउटलुक’ असं लिहा. सहा महिन्यांनी कोणता काढायचा हे तुम्हाला नावावरूनच कळणार आहे.

‘क्रिएट’ दाबलं की चार-चार अक्षरांचे चार गट दिसतात. हे एकदाच दिसतात. खिडकी बंद केली की पुन्हा बघायची सोय नाही. पण त्यानं घाबरायचं कारण नाही, हरवला तर तो काढून नवा बनवायचा. अक्षरं सगळी इंग्रजी लहान असतात, मधल्या रिकाम्या जागा टाकायची गरज नाही. शक्य असेल तर कॉपी करून चिकटवा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. तो मेसेज ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर राहतो, नोकरी सोडून गेलेल्यांच्याही.

आता आउटलुककडे. खातं काढून नव्यानं जोडायची घाई करू नका. आधी अकाउंट सेटिंग्जमध्ये बघा, खातं आयमॅप आहे की पॉप. आयमॅप असेल तर मेल गूगलकडे सुरक्षित असतात. पॉप असेल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसेल, तर वर्षानुवर्षांचे मेल फक्त त्या एका पीसीवर, एका पीएसटी फाइलमध्ये असतात. अशा वेळी आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मगच कशालाही हात लावा. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आधीच्या माणसानं खातं आणि त्याची फाइल दोन्ही उडवली. रुग्णांचे जुने रिपोर्ट मेलमध्येच होते. ते परत मिळाले नाहीत. त्या रिसेप्शनिस्ट ताईंचा चेहरा मी विसरू शकत नाही.

पासवर्ड फक्त जागेवरच बदला: जुना पुसा, सोळा अक्षरं टाका, ‘रिमेंबर पासवर्ड’वर खूण करा. मग ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’च्या पानावर ‘माझ्या सर्व्हरला ओळख पटवावी लागते’ या अर्थाच्या ओळीवर खूण हवी आणि येणाऱ्या मेलचंच सेटिंग वापरायला सांगा. ‘ॲडव्हान्स्ड’च्या पानावर, खातं आयमॅप असेल तर, येणाऱ्या मेलला 993 आणि एसएसएल, जाणाऱ्या मेलला 465 आणि एसएसएल. सर्व्हरची नावं आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम आणि एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता. जीमेलच्या सेटिंगमध्ये आयमॅप चालू-बंद करायचं बटण शोधू नका, जानेवारी 2025 पासून ते काढलं आहे आणि आयमॅप कायम चालूच असतं.

इतकं करूनही पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर विंडोजनं जुना पासवर्ड धरून ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’, त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’. तिथल्या त्या मेल खात्याच्या नोंदी काढा आणि आउटलुक पुन्हा उघडा.

याहूचं जवळपास असंच आहे: खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ॲप पासवर्ड बनवायचा. आयक्लाउडला तो अकाउंट डॉट ॲपल डॉट कॉमवर ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मध्ये मिळतो, मध्ये आडव्या रेघा असलेला, आणि एका वेळी जास्तीत जास्त 25 ठेवता येतात. आयक्लाउडची एक खोड लक्षात ठेवा: येणाऱ्या मेलच्या युजरनेमला बहुधा पत्त्याचा फक्त पुढचा भाग लागतो, जाणाऱ्याला पूर्ण पत्ता.

एरर वाचा, फोटो काढा, मग फोन करा

“काहीतरी लाल आलं” एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. जीमेलच्या उत्तरात 534 आकडा आणि ‘ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड’ असे शब्द असतील, तर तुम्ही नेहमीचा पासवर्ड टाकलाय, ॲप पासवर्ड हवाय. 535 आणि ‘युजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड’ असेल, तर टाकलेली अक्षरं चुकलीत किंवा तो ॲप पासवर्ड रद्द झालाय.

तो कसा रद्द होतो? गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड एकदम रद्द होतात. ॲपलचंही तसंच. हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे! साहेब घरी बसून रविवारी पासवर्ड बदलतात, सोमवारी सकाळी ऑफिसातलं आउटलुक, झेरॉक्स मशीन, टॅली सगळं एकदम बंद. कोणी हॅक केलं म्हणून घबराट. तेव्हा मुख्य पासवर्ड बदलायचा असेल तर ज्या दिवशी मशिनीपाशी बसायला वेळ आहे त्या दिवशी बदला.

ॲप पासवर्डच्या पानावर ‘ही सोय तुमच्या खात्याला उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं येत असेल तर कारणं ठरलेली आहेत. टू-स्टेप अजून बंद आहे. किंवा टू-स्टेपला फक्त सिक्युरिटी की (लॉगिनसाठीची छोटी इलेक्ट्रॉनिक चावी) लावली आहे. किंवा खातं कंपनीचं वा कॉलेजचं आहे आणि तिथल्या ॲडमिननं हे बंद ठेवलंय. किंवा ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन, म्हणजे गूगलचं जास्त कडक संरक्षण, घेतलंय. यातलं तिसरं असेल तर ॲडमिनलाच विचारा, बाहेरून कोणी काही करू शकत नाही.

आणखी एक, जे फारसं कोणी तपासत नाही: कोपऱ्यातलं घड्याळ. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि आउटलुक जोडणी नाकारतं. सेल बदला, तारीख लावा, मेल सुरू. फोनवरच लॉगिनचा कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचंही तेच. त्याचा सहा आकडी कोड वेळेवरून बनतो आणि साधारणपणे दर 30 सेकंदांनी बदलतो. फोनचं घड्याळ हातानं लावलेलं असेल तर कोड चुकणारच. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

ओटीपी कोणाच्या फोनवर जातो?

मुंबईतल्या छोट्या ऑफिसांची खरी अडचण इथे आहे. खातं ऑफिसचं, वापरतात चौघं, नंबर साहेबांचा. साहेब महर्षी कर्वे मार्गावर आयकर भवनात सुनावणीला, फोन बंद. इकडे गिरगावातल्या ऑफिसात जुलैची 31 तारीख तोंडावर, रिटर्न भरायची घाई, आणि गूगल ओटीपी मागतंय. नाहीतर फोर्टमधल्या दगडी इमारतीतलं ऑफिस, जिथे आतल्या खोलीत रेंज नाही. ओटीपीसाठी माणूस फोन घेऊन गॅलरीत पळतो आणि परत येईपर्यंत पानाची वेळ संपलेली असते.

माझा आग्रह असा की एसएमएसवर एकट्यावर विसंबू नका. ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्याला रेंज लागत नाही, भुयारी मेट्रोतही कोड दिसतो. लावताना स्क्रीनवर जो क्यूआर येतो तो साहेबांच्या आणि ऑफिस सांभाळणाऱ्या विश्वासू माणसाच्या, अशा दोन्ही फोनवर त्याच वेळी स्कॅन करा. दोघांनाही तोच कोड दिसेल. तो क्यूआर नंतर परत दाखवला जात नाही, म्हणून दोघं एकत्र असतानाच हे काम काढा. त्या माणसानं नोकरी सोडली तर ऑथेंटिकेटर नव्यानं लावायचा. जुन्या फोनवरचे कोड मग निकामी होतात.

आणि बॅकअप कोड. गूगल आठ आकड्यांचे 10 कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापा. डेस्कटॉपवर ‘गूगल कोड’ नावाच्या फाइलमध्ये ठेवू नका, कागद ऑफिसच्या तिजोरीत ठेवा, जिथे चेकबुक असतं तिथे. वापरलेला कोड पेनानं खोडा. संपत आले की नवे घ्या, म्हणजे जुने आपोआप बाद होतात.

सिम बदलायचं असेल तर हे आधीच करून ठेवा. नवीन सिम चालू झाल्यावर सुरुवातीला, बहुधा 24 तास, एसएमएस बंद ठेवले जातात. दुसऱ्यानं तुमच्या नावावर सिम काढून ओटीपी पळवू नयेत म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण तुमचा एकुलता एक मार्ग एसएमएस असेल तर तो दिवस खात्याबाहेर उभं राहण्यात जाईल.

झेरॉक्स मशीन आणि टॅली

स्कॅन करून थेट ईमेल करणारं मशीन आणि टॅलीतून बिलं पाठवणं, दोन्हीकडे जीमेलचा पत्ता वापरायचा तर सहसा ॲप पासवर्डच लागतो. दोघांना एकच देऊ नका. मशिनला वेगळा, टॅलीला वेगळा. मशिनमध्ये सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 587, सुरक्षा ‘स्टार्टटीएलएस’. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि युजरनेम दोन्हीकडे तेच पूर्ण जीमेल. मशिनच्या छोट्या पडद्यावर पासवर्ड हातानं टाकावा लागतो, तेव्हा एकानं स्क्रीनवरून एकेक अक्षर वाचायचं आणि दुसऱ्यानं दाबायचं. इंग्रजी लहान ‘एल’ आणि ‘आय’मध्ये गफलत होते, तिथे थांबून खात्री करा. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, म्हणून मध्येच शंका आली तर सगळं पुसून पहिल्यापासून टाका. मशिनच्या सेटिंगला ॲडमिन पासवर्ड असेल आणि तो कारखान्यातून आलेलाच असेल, तर तो आजच बदला. मेलची चावी आता त्या मशिनमध्ये आहे.

जुनं मशीन किंवा पीसी लॅमिंग्टन रोडला विकायला न्यायच्या आधी ॲप पासवर्डच्या पानावर जाऊन त्या नावासमोरचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबा. क्षणात तेवढाच बंद होतो, बाकी कशाला धक्का लागत नाही. वेगवेगळी नावं द्यायला सांगितलं ते यासाठी.

अनोळखी मदत

‘जीमेल कस्टमर केअर’ असा नंबर शोधून फोन लावू नका. अशा शोधात सापडणारे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि ओटीपी किंवा बॅकअप कोड वाचून घेतात. कोड आपल्या हातानं, आपण उघडलेल्या पानावर टाकायचा असतो. फोनवर तो कोणालाही सांगायचा नसतो, मलासुद्धा नाही. मी समोर बसलेली असले तरी ग्राहकालाच टाकायला लावते.

कोणी आत शिरल्याची शंका आली तर मुख्य पासवर्ड लगेच बदला. त्यानं ॲप पासवर्ड रद्द होतात, इथे ते आपल्या फायद्याचं आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन्ही पानं उघडा. आत आलेला माणूस तुमचे मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर वळवून ठेवतो, किंवा बँकेचे आणि पार्टीचे मेल तुमच्या नजरेआड जातील असा फिल्टर लावतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो तसाच चालू राहतो. सुरक्षेच्या पानावर ‘युअर डिव्हायसेस’मध्ये अनोळखी फोन किंवा पीसी असेल तर त्याला साइन आउट करा, आणि परवाने दिलेल्या ॲपच्या यादीतून न ओळखीची ॲप काढा. ज्यांना तुम्ही बिलं पाठवता त्यांना फोन करून सांगा, की बँक खातं बदलल्याचा मेल आला असेल तर पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.